फुटबॉलचा क्लब आणि त्याचे पावतीपुस्तक



वसंत व्याख्यानमालेत आपण संतवाङ्मयावर ऐकता, शेतीवर ऐकता, राज्यघटनेवर ऐकता. आम्ही कामगार चळवळीतले. आमची शाळा लवकर सुटली; पुढे जे शिकणे झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा चालकांची अपेक्षा अशी की आम्ही बोनसवर किंवा कंत्राटी मजुरीवर बोलावे. आम्ही फुटबॉल हा विषय सांगितला, तेव्हा ते क्षणभर थबकले. मग हसून म्हणाले, "भाऊ, तुम्ही फुटबॉलवर बोललात तरी शेवटी वर्गणीवरच याल." त्यांचे म्हणणे खरे आहे. आम्ही वर्गणीवरच येणार आहोत. परंतु वाटेत बरेच काही पाहावयाचे आहे.

आमच्या घरी एक जुने पावतीपुस्तक आहे. खानदेशातील एका गिरणीच्या चाळीत आमचे बालपण गेले. कोणती गिरणी, ते सांगण्याचे कारण नाही. त्या चाळीचा एक फुटबॉलचा संघ होता आणि आम्ही त्याचे गोलरक्षक होतो. ही १९८० नंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. साचेखात्यातले दोन तरुण, एक बदली कामगार, मोहल्ल्यातले तिघे, भिलाटीतला एक विलक्षण चपळ पोरगा आणि उरलेले आम्ही चाळीतले. चेंडू चामड्याचा, आत ब्लॅडर. तो फुटला की सायकलच्या दुकानात पंक्चर काढायचे आणि वरची शिवण चांभारदादांकडून घालून घ्यायची. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की माणसे डबा घरी टाकून सरळ मैदानावर येत. अंगाला कापूस चिकटलेला असे. खेळून झाल्यावर सगळे एकाच नळावर ओंजळीने पाणी पीत. त्या काळी गावात सगळ्याच पाणवठ्यांवर असे होत नसे, हे आपणांपैकी वडीलधाऱ्यांना सांगावयास नको.

हे पावतीपुस्तक आम्ही कशासाठी छापून घेतले? दरमहा आठ आणे वर्गणी गोळा करण्यासाठी. पन्नास पावत्यांचे पुस्तक. त्यातल्या अकराच फाटल्या आहेत. कारण असे की, आम्ही वर्गणी मागावयास निघालो तोच गिरणीच्या एका अधिकाऱ्याने आम्हांला बोलावले आणि म्हटले, "भीक कशाला मागता? सदरे आम्ही देतो, चेंडू आम्ही देतो, मैदान तर आमचेच आहे." आम्हांला आनंद झाला. सदरे आले, छातीवर गिरणीचे नाव आले, आणि पावतीपुस्तक माळ्यावर गेले. चाळीतले एक वृद्ध कामगार तेवढे आम्हांला अहिराणीत म्हणाले, "भाऊ, बॉल आपला शे, पन मैदान कोनं शे?" आम्ही हसलो.

काही वर्षांनी गिरणी बंद पडली. फाटकाला कुलूप लागले. मैदान फाटकाच्या आत होते. गिरणी बंद पडल्यावर मजुरी गेली, देणी अडकली, ते दुःख फार मोठे. त्यापुढे फुटबॉलचे काय? परंतु एक प्रश्न तेव्हापासून मनात राहिला आहे. चेंडू शिल्लक होता, पाय शिल्लक होते, संध्याकाळ तर पूर्वीपेक्षा जास्त मोकळी होती. मग गिरणीबरोबर आमचा संघ का मेला? आजचे व्याख्यान हे त्या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

खेळाला पहिली गोष्ट लागते ती चेंडू नव्हे, तर वेळ. आणि तीही उजेडातली. जळगावची खानदेश मिल १८७३-७४ च्या सुमारास उभी राहिली. पुढे अमळनेरला प्रताप मिल, चाळीसगावला लक्ष्मीनारायण मिल, धुळ्याला न्यू प्रताप मिल झाली. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या गिरण्या बहुधा सूर्य उगवताना सुरू होत आणि मावळताना थांबत. ज्या माणसाचा सगळा उजेड मालकाने विकत घेतला आहे, तो खेळणार केव्हा? मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा उभी केली आणि सहा वर्षे झगडून १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळविली. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुटी कागदावर आली. १९११ साली कापड गिरण्यांतील पुरुषांना दिवसाला बारा तासांची मर्यादा लागली. १९२२ साली आठवड्याला साठ तास, १९३४ साली चोपन्न, आणि १९४६ च्या दुरुस्तीने अठ्ठेचाळीस. आम्ही हे आकडे वेतनाच्या हिशेबासाठी पाठ केले होते. नंतर लक्षात आले की, हाच आपल्याकडच्या मैदानी खेळांचाही इतिहास आहे. साठांतून बारा तास गेले, तेव्हा दिवसाला दोन तास कामगाराच्या हाती आले. आणि फुटबॉलचा सामना दीड तासात संपतो. त्याला क्रिकेटसारखा दिवसभर लागत नाही, फार सामानही लागत नाही. म्हणून तो जगभर गिरण्यांच्या आणि रेल्वेच्या गावांत रुजला.

हा खेळ जिथे प्रथम कामगारांचा झाला, तिथे जरा जाऊन येऊ. ते ठिकाण आपणांस परके नाही, कारण तिथे पोहोचण्यापूर्वी आपला कापूस पोहोचलेला होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे धावल्या. त्याच सुमारास आगगाडी खानदेशात आली. जळगावची बाजारपेठ त्या तेजीत वाढली. त्या लँकेशायरमध्ये ब्लॅकबर्न नावाचे विणकरांचे गाव आहे. आपल्या लोकांना विकावयाची धोतरे तिथल्या मागांवर निघत. महात्मा गांधी १९३१ साली तिथल्या कामगारांना भेटावयास ज्या डार्वेन गावी गेले, ते ब्लॅकबर्नच्या अगदी शेजारचे.

इंग्लंडात १८५० च्या कायद्याने कापड गिरण्या शनिवारी दुपारी दोनला थांबू लागल्या. त्या अर्ध्या दिवसाच्या सुटीत तिथल्या कामगारांचा फुटबॉल वाढला. १८७८ साली ब्लॅकबर्नमध्ये 'ब्लॅकबर्न ऑलिंपिक' नावाचा क्लब निघाला. त्यात विणकर होते, सूत कातणारे होते, लोखंडाच्या भट्टीवरचे मजूर होते. १८८३ च्या मार्चअखेर या क्लबाने लंडनमध्ये एफ. ए. करंडकाचा अंतिम सामना खेळला. समोर ओल्ड इटोनियन्स, म्हणजे ईटन या बड्या घरच्या मुलांच्या शाळेचे माजी विद्यार्थी. तोवर हा करंडक अशाच सुखवस्तू लोकांच्या किंवा लष्करी अधिकाऱ्यांच्या संघांकडे जात असे. सामना बरोबरीत राहिला, वाढीव वेळ खेळवला गेला, आणि ऑलिंपिकने तो दोन विरुद्ध एक असा जिंकला. विजयी गोल करणारा जिमी कॉस्टली हा सूतगिरणीतला कामगार होता. सभ्य गृहस्थहो, त्याच्या चातीवर कधीकाळी खानदेशचा कापूस फिरला असेल की नाही, हे कोणी सांगू शकणार नाही. पण आमच्या मनाला तसे वाटते, आणि वाटू द्यावे.

परंतु या कथेचा दुसरा भाग फारसा कोणी सांगत नाही. अंतिम सामन्यापूर्वी ऑलिंपिकचे खेळाडू सरावासाठी काही दिवस समुद्रकाठी ब्लॅकपूलला जाऊन राहिले. मजुराला कामावर खाडा करून असे राहणे परवडणारे नव्हते. खर्चाचा भार गावातल्या सिडनी येट्स नावाच्या लोखंडी कारखानदाराने उचलला होता. पुढे १८८५ साली खेळाडूंना उघड पगार देण्यास मान्यता मिळाली. १८८८ साली बारा क्लबांची लीग निघाली. तिच्यात ब्लॅकबर्नमधून शेजारचा श्रीमंत क्लब घेतला गेला, ऑलिंपिक बाहेर राहिला. मदत आटली, प्रेक्षक घटले, आणि करंडक जिंकल्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १८८९ साली, हा क्लब बंद झाला. ज्यांनी बड्यांचा संघ हरविला, ते दुसऱ्याच्या थैलीवर उभे होते. थैलीची गाठ बसली आणि ते खाली आले.

आता आपल्या देशात परत येऊ. मुंबईत रोव्हर्स करंडक १८९१ साली सुरू झाला. पहिली चाळीसहून अधिक वर्षे तो गोऱ्या पलटणींकडेच जात राहिला. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला, तेव्हा प्रथमच एका हिंदी संघाचे नाव त्यावर कोरले गेले. स्वातंत्र्यानंतर मुंबईत कंपन्यांच्या, गिरण्यांच्या, रेल्वेच्या आणि बँकांच्या संघांचा काळ आला. १९५८ साली कॅल्टेक्स या तेलकंपनीच्या संघाने रोव्हर्स जिंकला. मफतलालसारख्या गिरणीसमूहाचा संघही मैदानात असे.

या कंपनी-संघांची आम्ही येथे निंदा करावी अशी कोणाची अपेक्षा असेल, तर ती आम्ही पुरी करणार नाही. कारण त्यांनी गरिबांच्या मुलांना कायम नोकरी दिली. चांगला खेळणारा पोरगा हजेरीपटावर आला, त्याला भविष्यनिर्वाह निधी मिळाला, आजारपणाची रजा मिळाली. कित्येक घरे या एका गोलाच्या जोरावर उभी राहिली. शिवाय एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे. कंपनीच्या संघात जात विचारली जात नसे. आमच्या चाळीच्या संघात मोहल्ला आणि भिलाटी एकत्र आली ती गिरणीच्या हजेरीपटामुळे. गावाने आपण होऊन त्यांना एकत्र आणले नव्हते.

एवढे श्रेय दिल्यावर आता पुढचे पाहा. पंजाबात फगवाडा येथे जे. सी. टी. ही कापड गिरणी. १९७१ साली तिने संघ काढला. १९९६-९७ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग प्रथमच भरली, ती याच गिरणीच्या संघाने जिंकली. देशातला पहिला लीग-विजेता गिरणीचा संघ! आणि २०११ साली मालकांनी तो बंद केला. मुंबईत महिंद्र कंपनीचा संघ १९६२ पासून खेळत होता. २००५-०६ साली त्याने राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० साली तोही बंद झाला. येथे कंपनी बुडाली नव्हती, मोटारी निघतच होत्या. संघ चालवावयाचा नाही असे एका खोलीत ठरले, आणि तो संपला. त्या खोलीत खेळाडू नव्हते, प्रेक्षक नव्हते. असण्याचे कारणही नव्हते, कारण संघ त्यांचा नव्हताच. पुढे रोव्हर्स करंडकसुद्धा या शतकाच्या आरंभी बंद पडला.

मग महाराष्ट्रात कोणाचा फुटबॉल टिकला? याचे उत्तर कोल्हापुरात आहे, आणि ते विलक्षण आहे. तिथल्या संघांची नावेच ऐका: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. यांत कंपनी नाही, गिरणी नाही, बँक नाही. बहुतेक नावांत तालीम आहे. ज्या गावात शाहू महाराजांनी कुस्तीसाठी १९१२ साली खासबागेचे मैदान उभारले, त्या गावात पेठेपेठेची तालीम ही आधीपासूनच लोकांची संस्था होती. लाल मातीचा हौदा, बाहेर कट्टा, त्या कट्ट्यावर म्हातारे आणि पोरे. तीच तालीम गणपती बसवते, शिवजयंती करते, कोणाच्या घरी अडचण आली तर धावून जाते. फुटबॉल आला तो या घरात राहावयास आला. त्याला नवे घर बांधावे लागले नाही.

तिथे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन संघांची नोंदणी करते आणि शाहू स्टेडियमवर सामने भरविते. पाऊस सरला, हिवाळा लागला की हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. सामन्याच्या दिवशी पेठेची पेठ आपल्या रंगाचे निशाण घेऊन जाते. शहरी क्रिकेटच्या या दिवसांत, दूरदर्शनवर युरोपचे सामने घरबसल्या दिसत असताना, आपल्या गल्लीतला पोरगा खेळतो म्हणून हजारो माणसे तिकीट काढून उन्हात बसतात, असे दृश्य महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच दिसेल. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भारतात झाली, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, एका रिक्षाचालकाचा मुलगा. त्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाले हे खरे. परंतु पोराच्या पायात चेंडू पाहून त्याला हिणविण्याऐवजी त्याची पाठ थोपटावी, ही रीत गावाने आधीच लावून ठेवली होती.

कोल्हापूरचे सगळे गोड आहे असे आम्ही म्हणत नाही. पेठेचा अभिमान कधी कधी दगडाच्या रूपाने मैदानात येतो. हुल्लडबाजी होते, मारामाऱ्या होतात, त्यापायी सामने थांबविण्याची वेळ आली आहे. अलीकडे बाहेरचे, अगदी परदेशी खेळाडू पैसे देऊन आणण्याची चढाओढही लागली. मग गल्लीतला पोरगा बाकावर बसतो आणि गल्ली मात्र वर्गणी देते. असे झाले म्हणजे तालमीचीही हळूहळू कंपनी होऊ लागते. शिवाय पेठ म्हटली की तिथे पेठेची जातपात आलीच. आमच्या गिरणीच्या नळावर जे सहज घडले, ते पेठेच्या कट्ट्यावर आपोआप घडेल असे नाही. ते जाणूनबुजून घडवावे लागते.

इतके दोष सांगूनही एक गोष्ट शिल्लक राहते. एखादा व्यापारी हात आखडता घेईल, एखादा पुढारी निवडणूक हरल्यावर तोंड फिरवील, तरी पेठ आपला संघ मैदानात उतरविते. कोणा एका माणसाला खोलीत बसून तो बंद करता येत नाही. कारण तो ज्यांचा आहे ते शेकड्यांनी आहेत, आणि प्रत्येकाच्या खिशातून त्यासाठी काही ना काही गेलेले आहे.

आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला येथे सापडले. कामगार चळवळीत तीस वर्षे काढल्यावर ते आधीच कळावयास हवे होते. जी युनियन पुढाऱ्याच्या खिशावर चालते, ती पुढाऱ्याबरोबर जाते. जी मालकाच्या मेहरबानीवर चालते, ती मालक सांगेल तोवर चालते. जी दरमहा पावती फाडते, आणि ज्या युनियनच्या सभेत अडाणी बाईसुद्धा उठून "माझ्या पैशाचा हिशेब सांगा" म्हणू शकते, ती गिरणी बंद पडल्यावरही देण्यांसाठी कोर्टात उभी राहते. क्लबाचे याहून वेगळे नाही. वर्गणी म्हणजे केवळ पैसा नव्हे. तो मालकीचा दाखला आहे. आमच्या चाळीचा संघ गिरणीबरोबर मेला, कारण अकरा पावत्यांनंतर आम्ही आपली मालकी आपण होऊन माळ्यावर टाकली. त्या वृद्ध कामगाराने नेमके तेच विचारले होते.

आता थोडे आपल्या गावांविषयी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खानदेशातल्या गिरण्यांचे भोंगे एकामागून एक मंदावले आणि बहुतेक थांबले. जळगावात गिरणीच्या आवारात आज बाजारसंकुल उभे आहे. मैदाने नाहीत असे नाही. जळगावला शिवतीर्थ आहे, धुळ्याला गरुड मैदान आहे, भुसावळला रेल्वेची मोकळी जागा आहे. परंतु मैदानावर सभा, प्रदर्शने, मेळे आणि विक्री यांची गर्दी वाढली की पोरांचा चेंडू रस्त्यावर येतो. ज्या मैदानाला मागणारे कोणी नसते, ते मैदान राहत नाही. आणि मागणारा एकटा पोरगा चालत नाही. मागणारी संस्था लागते, तिच्याजवळ सभासदांची यादी लागते. दोनशे सभासदांच्या सहीचा अर्ज नगरपालिकेच्या टेबलावर गेला म्हणजे काय होते, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. लगेच काही होत नाही. पण तो अर्ज फेकताही येत नाही.

म्हणून आपणांपुढे एक साधी सूचना ठेवून आम्ही थांबतो. मोठ्या देणगीदाराकडे जाऊ नका असे आम्ही म्हणत नाही. आधी गल्लीत जा, मग त्याच्याकडे जा, एवढेच म्हणतो. दहा रुपये महिना वर्गणी ठेवा. मोहल्ला, चाळ, झोपडपट्टी, कॉलनी, सर्वांच्या दारी पावतीपुस्तक न्या. मुलींनाही संघ द्या. त्यांच्या घरच्यांनाही सभासद करून घ्या, म्हणजे परवानगी मागावी लागणार नाही. सदऱ्यावर देणगीदाराचे नाव छापावयाचे तर पाठीवर छापा. छातीवर आपल्या वस्तीचे नाव राहू द्या. वर्षातून एकदा उघड्या मैदानावर हिशेब वाचून दाखवा, अगदी ब्लॅडरच्या पंक्चरसुद्धा. हंगामात सगळे सामने हरलात तरी चालेल. हरणारा क्लब दुसऱ्या वर्षी पुन्हा उतरतो. बंद केलेला क्लब उतरत नाही.

ते जुने पावतीपुस्तक आज आम्ही बरोबर आणले आहे. हे पाहा. एकोणचाळीस पावत्या अजून कोऱ्या आहेत. कागद पिवळा पडला आहे, पण शाई लागते. घरी एका कोपऱ्यावर लावून पाहिली. वरचे नाव त्या जुन्या चाळीचे आहे. ते खोडून तिथे नवे नाव घालण्यास आमची हरकत नाही. व्याख्यान संपल्यावर आम्ही दाराशी उभे राहणार आहोत. चालकांचे भाकीत खरे ठरले, याबद्दल त्यांची पहिली पावती आम्ही त्यांच्याच नावाने फाडू.